वामनरावांचं एकच वाक्य

३ मे १९८८

पुन्हा पाहुणे! रविवारी येणार. मुलाचं नाव खुशाल, नेरडीगोंड्याला हायवेवर किराणा दुकान. सोबत त्याचे मामा वामनराव, इथे भैंशाच्या कापूस जिनिंगमधले मुनीम. बाबांनी सांगून टाकलंय – जमलं तर लग्न, नाही जमलं तर निर्मल गावच्या कॉलेजात तुझं नाव घालतो. बाबा शब्द फिरवत नाहीत. म्हणजे मला नापास व्हायचंय. दहावीपर्यंत कधी जमलं नाही ते!

४ मे

शेजारची गया येऊन बसली. तिला याच लोकांनी गेल्या महिन्यात पाहिलं. पूर्वी पोरीला चालून दाखव म्हणायचे, सुईत दोरा ओवायला लावायचे. वामनराव सुधारले! ते इंग्रजी वाक्य घालतात आणि नाम, क्रियापद, विशेषण ओळख म्हणतात. दर मुलीला तेच वाक्य, त्यांना दुसरं येतच नाही – द बिग बॉय ड्रिंक्स कोल्ड वॉटर. गयाने क्रियापद ‘ड्रिंक्स’ सांगितलं. बरोबर सांगितलं, म्हणून नापसंत! मामांच्या हिशेबाने क्रियापद ‘वॉटर’. का, तर क्रियापद शेवटी असतं. मराठीत शेवटी, तेलुगूतही शेवटी, मग इंग्रजी काय आभाळातून पडलं? पाच गावांत या माणसाला कुणी टोकलं नाही. मुलाचा मामा ना!

मला काही करायलाच नको. खरं सांगितलं की सुटले.

६ मे

धाकट्या बहिणीला, सोनाला, मामांचं इंग्रजी नक्कल करून दाखवलं. पोट धरून हसली, मग हळूच विचारते, “पण अक्का, खरं क्रियापद कोनतं?” धन्य! माझ्याहून वर्षाने लहान, जूनमध्ये दहावीत जाईल, आणि इंग्रजीच्या नावाने शंख. दुपारभर शिकवत बसले.

८ मे

आले. पाच पुरुष, पाचांच्या तोंडात पान. खुशाल मान खाली घालून पोहे खात होता, जसा पोह्यांनाच पाहायला आलाय! वामनरावांनी घसा खाकरला आणि वाक्य काढलं. मी फटाफट सांगितलं – बॉय आणि वॉटर नाम, बिग, कोल्ड विशेषण, ड्रिंक्स क्रियापद.

“चूक,” मामा म्हणाले.

राहवलं नाही. म्हटलं, “वॉटर जर क्रियापद आसंन, तर मामा, तुमी एकडाव करून दाखवा.”

आईने पदर तोंडाला लावला. बाबांची मान इतकी खाली मी कधी पाहिली नव्हती. पण मला मजा आली, खोटं कशाला लिहू!

तेवढ्यात सोना पाण्याचे गिलास घेऊन आत आली. मामांनी रागाच्या भरात तिलाच विचारलं. तिने एकदा बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, वॉटर. झालं! मामांची कळी खुलली. लहान असून किती समज म्हणे. अडाण्यांचा बाजार नुसता.

ते गेल्यावर मी सोनाला रागावले. तुला येत होतं ना, मग? म्हणाली, “बाबा लय वंगाळ दिसून राह्यले व्हते.” मूर्ख पोरगी.

९ मे

निरोप नाही. पास झाले, म्हणजे नापास! ट्रंक माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

१२ मे

निरोप आला. मी नापसंत. सोनाला मागणी आहे.

बाबांनी हो म्हटलं. मग माझ्याकडे न पाहता बोलले, “तू जाय निर्मलले. म्या शब्द देल्ला व्हता.”

सोना रडली नाही. चुलीपुढे बसून तिने मला एवढंच विचारलं, “अक्का, माही दहावी?”