बसायचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार

काल पुन्हा तेच. टेकडीच्या पायथ्याशी ही उतरली आणि सायकल हातात धरून चालत घरी गेली. मी आपला वर कठड्यावर बसून वाट बघतोय — पाऊण तास! घरी येऊन पाहतो तर बाई कपडे वाळत घालतायत. म्हणाली, "मला नाही बसवत त्या सीटवर. महिनाअखेर सायकल भाचीला देऊन टाकते." आवाज चढवला नाही. म्हणजे ठरलंय.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मुलगा परगावी. रविवारची सायकल सोडली तर आम्ही दोघं मिळून करतो असं उरलंय काय? तीही गेली की मी टेकडीवर आणि ही घरात. नको. सीट शोधायची. पंचवीस दिवस आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

जुनी सीट काढून हातात घेऊन पाहिली. दोन वर्षांपूर्वी या दोन माउंटन बाइक घेताना मी गिअर मोजले, टायरची नक्षी पाहिली, पुढचं सस्पेन्शन दाबून दाबून पाहिलं. सीटकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गंमतच आहे, अख्खा माणूस बसतो तो तिच्यावर!

आयुष्यभर लॅबमध्ये कवळ्या केल्या. कवळी टोचते म्हटलं की एक इलाज ठरलेला: आतून मऊ अस्तर. तेच इथे करायचं. सोपं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

जेलची सीट आणली. चांगली गुबगुबीत. म्हटलं, आता बस राणीसारखी. चौथ्या किलोमीटरनंतर राणी मागे दिसेनाशी झाली.

"आधी दोन ठिकाणी दुखत होतं, आता सगळीकडे दुखतं."

आगीतून फुफाट्यात. पण का? मऊ असून का? दिवसभर डोक्यातून जाईना.

१० फेब्रुवारी, सोमवार

सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. तो हसायलाच लागला. "काका, मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाबतो. गादी सोडा, रुंदी बघा. बसायची दोन हाडं असतात, ती सीटवर नीट टेकली पाहिजेत."

छप्पन्न वर्षं बसतोय आणि हे माहीत नव्हतं! लॅबमध्ये स्टुलावर डावीकडे-उजवीकडे डुलून पाहिलं. खरंच दोन आहेत. शेजारच्या टेबलावरच्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. त्यांना काय सांगणार?

हाडांमधलं अंतर मोजायला पुठ्ठ्यावर बसवा म्हणाला. पुठ्ठा कशाला? मी मेणातला माणूस.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लॅबमधून कवळीच्या मेणाचे चार गुलाबी पत्रे आणले. गरम पाण्यात मऊ केले, लाकडी स्टुलावर जोडून पसरले आणि हिला म्हटलं, बस.

"दात कुठे असतात ते तरी ठाऊक आहे ना तुम्हाला?"

बसली मात्र. बसल्या बसल्या जी हसायला लागली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती दिवसांनी हसली अशी. मला फार बरं वाटलं.

दोन स्वच्छ खळगे उमटले. मधोमध ते मधोमध तेरा सेंटिमीटर. आणि जुनी सीट सगळी मिळून साडेतेरा रुंद! म्हणजे हाडं दोन वर्षं काठावर लटकत होती. मग मीही बसलो. माझं अंतर अकरा. म्हणून मला काही होत नव्हतं, आणि मी हिला सांगत होतो, सवय होईल. लाज वाटली.

१६ फेब्रुवारी, रविवार

साडेपंधराची सीट. घट्ट, मध्ये लांब खाच. स्पिरिट लेव्हल लावून सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, अगदी सपाट बसवलं. निम्मी टेकडी चढली! मग पुन्हा चालत. मी वरून परत येईपर्यंत पायथ्याच्या बाकावर बसून होती.

"कमी दुखलं का?"

"कमी."

"किती कमी?"

"अहो, मी तुमची पेशंट आहे का?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

नाक दोन अंश खाली. सीट एक बोटभर खाली, अर्धं बोट मागे. सगळं वेगळ्या वहीत मांडून ठेवतोय: सीट क, सीट ख, सीट ग, उंची, कोन, कितव्या किलोमीटरला दुखलं. हिने वही चाळली. "यात माझं नाव कुठेच नाही हो." मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर आहे सगळं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दातांच्या डॉक्टरांचा फोन. एका आजींची कवळी पडून दोन तुकडे झाले, सोमवारी सकाळी नवी हवी. म्हणजे उद्याचा रविवार लॅबमध्ये. हा शेवटचा रविवार होता! चडफडत बसलो. ही म्हणाली, "मी एकटी जाऊन येते. बघते तुमची सीट."

एकटी जाणार. पण निदान सीटचा निकाल लागेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो! लॅबमधून आलो तर ही पाय पसरून संत्रं सोलत बसलेली. टेकडी चढून गेली, पलीकडे उतरून तळ्याला वळसा घालून आली. बावीस किलोमीटर!

"दुखलं?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही म्हटलं तरी चालेल."

सायकलवाल्याला लगेच फोन केला: साडेपंधरा, नाक दोन अंश खाली. म्हणाला, दुकानात पाटी लावतो. वहीत मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मेहनत फळाला आली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहा घेताना सहज म्हणाली, "काल अकरा वेळा उतरले. दुखायला लागलं की उतरायचं, चार पावलं चालायचं, पुन्हा बसायचं."

म्हटलं, मग माझ्याबरोबर असताना असं उतरून पुन्हा का नाही बसत?

"तुम्ही पुढे असता ना. उतरलं की आणखी मागे पडते."

भाचीला नाही म्हणून कळवलंय तिने. पुढच्या रविवारी मी येऊ का, विचारलं.

"बघते," म्हणाली.