रविवारी मासे नकोत

वाडी, नागपूर
मंगळवार, १७ फेब्रुवारी

प्रिय काजल,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या टाकीतल्या पाण्यात नायट्राइट शून्य आहे, पाणी तयार झालं, बावीस तारखेच्या रविवारी मासे आणायला हरकत नाही. ते चूक आहे. नायट्राइट दोन आहे, आणि त्या दिवशीही दोनच होतं. या पाण्यात मासे सोडले तर दोन-चार दिवसांत मरतील. तू सोमवारी बाळाला घेऊन उमरेडच्या माहेराहून बेसाला तुझ्या घरी येणार, म्हणून बाकी काही लिहिण्याआधी हे लिहिलं.

पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ आहे, म्हणूनच माणूस फसतो. मासेवाल्या मार्तंडभाऊंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, मासे नसले तरी आहेत असं समजून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो. तो खाणारे जंतू आधी वाढतात, आणि त्यातून जे नायट्राइट होतं ते खाणारे मागून, फार सावकाश. हे मागचे अजून पुरेसे वाढलेले नाहीत. आज अठ्ठाविसावा दिवस आहे, अजून दहा-बारा तरी लागतील. मधे गळून गेलेल्या लांब पात्यांच्या रोपांना मात्र बुडातून नवी पाती फुटली आहेत.

एक दिवसाआड ऑफिस सुटलं की मी दोन बस बदलून तुझ्या घरी जाते. नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. निळं राहिलं तर शून्य, जांभळं झालं तर नाही. जितेंद्रराव नळी हातात घेतात आणि परत देतात. "ताई, मले तं दोन्ही रंग एकच दिसते. लग्नात साडी घेतानाही काजलनं माह्यावर भरोसा नाही ठेवला, तुम्हीच सांगा." मग चहा करतात. जेवून जा म्हणतात, मी थांबत नाही. तुझ्या पलंगावर मायने शिवलेली गोधडी आहे. तिला हात लावायचा नाही असं दर वेळी ठरवते आणि लावते.

दिवाळीनंतर माय तुझ्याकडे वीस दिवस राहिली. माझ्या खोलीवर ती एकदाच आली, दोन तास, फॉर्म भरून घ्यायला. गल्लीत ट्रक उभे असतात, इथे झोप लागणार नाही म्हणाली. जानेवारीत मला चार दिवस ताप होता. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तू शिकलेली हायेस वं, तुले काय सांगाव?" आणि त्याच दमात, "काजलच्या टाकीचं झालं का?" तेव्हा मला तुझ्या टाकीचा राग आला. आत एक मासा नाही, तरी तिला रोज खायला मिळतं आणि रोज कुणीतरी तिची चौकशी करतं. हसू नकोस.

तू नववीत शाळा सोडलीस तेव्हा सगळ्यात जास्त मी रडले होते. मला वाटायचं, जी शिकेल तिला माय जवळ घेईल. माय मला मान देते, काजल. मी घरी आले की उठून खुर्ची देते. पण डोकं टेकते ते तुझ्या मांडीवर.

आपल्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. आजोबांच्या दाखल्याचा अर्ज, रेशनकार्ड, तुझ्या लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळं मी लिहिलं. मोठ्यांपैकी कुणी तपासू शकत नव्हतं, म्हणून मीच तीन-तीनदा तपासायची. बाबा लोकांना सांगायचे, "प्रीतीनं लिवलं ना? मंग बरोबर हाय." आजवर त्यात खोटं असं एक अक्षर नव्हतं.

मागचं ते शून्य चुकून पडलेलं नाही. नळी जांभळी होती. मी खिडकीपाशी नेऊन पाहिली, दिव्याखाली पाहिली, पुन्हा नवी नळी केली, तीही जांभळी झाली. जितेंद्ररावांनी काय आलं विचारलं आणि मी शून्य म्हणाले. बाळ घरी येईल त्याच आठवड्यात तुझ्याकडे काहीतरी मरावं असं मला वाटलं. मग मायने मला फोन करून विचारलं असतं, काहून मेले वं? आणि मी तिला सगळं समजावून सांगितलं असतं, शांतपणे, शिकलेल्या माणसासारखं. इतकंच हवं होतं मला, आणि त्यासाठी मी सात दिवस गप्प बसले. तिकडे फोन स्पीकरवर असतो, म्हणून हे लिहून, बंद पाकिटात, उद्या तुझ्याकडे येणाऱ्या जितेंद्ररावांच्याच हाती पाठवते आहे. त्यांना अजून काही माहीत नाही. आधी तुला कळावं असं वाटलं. तुला वाटलं तर तू त्यांना लगेच सांग, मायलाही वाचून दाखव. तू नाही सांगितलंस तरी त्यांना मी सांगणार आहे, नळी समोर धरून, चूक झाली असं न म्हणता, मी खोटं बोलले असं म्हणून. शुक्रवारी, वीस फेब्रुवारीला, संध्याकाळी सात वाजता.

तुझीच थोरली,
प्रीती