सुबियाच्या वाळूतलं गलबत

रिग्गई, कुवेत
शनिवार, १ नोव्हेंबर

प्रिय सुगराआपा,

सलाम. पत्र हातात पडलं की तू आधी चष्मा शोधशील आणि मग माझ्या नावानं बोटं मोडशील. रोज व्हिडिओवर तासभर तुझं डोकं खाणाऱ्या भावाला कागद-पेन कशाला आठवलं, असं तुला वाटणारच. गोदामातला तौफीक सुट्टीवर गावी निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. सोबत केशराची डबी आणि तुझ्या गुडघ्यांचं मलम आहे. मलम लावायचं असतं आपा, कपाटात जपून ठेवायचं नसतं.

तुझा व्हिसा आला, पंधरा तारखेचं तिकीटही झालं. लोक इथे येतात ते मॉल बघायला, मनोऱ्यांसमोर फोटो काढायला. तू मात्र सांगून ठेवलंस की मला काहीएक दाखवू नकोस, अब्बांचं गलबत जिथे वाळूत रुतलंय तिथे ने, मला तिथे फातिहा पढायची आहे. तेव्हापासून मी धड जेवलेलो नाही. बावीस वर्षं मी तुला त्या गलबताच्या गोष्टी सांगत आलो आणि ते मी स्वतः कधी पाहिलेलं नाही. तुला आता नेऊ कुठे? शेवटी, बहीण यायच्या आत आपणच एकदा शोधून बघू म्हणून मी कामाला लागलो. लोक काय काय सांगतात ते ऐकशील तर तुझी करमणूक होईल.

तुला माहीतच आहे, अर्दियाच्या गोदामातून आम्ही लोकांची घरं हलवायला जातो. मागच्या महिन्यात रुमैथियाला बू-फहद नावाच्या एका म्हाताऱ्या कुवेती गृहस्थाचं सामान बांधायचं होतं. ऐंशीच्या पुढचा माणूस. दिवाणखान्यात काचेच्या पेटीत हातभर लांबीचं लाकडी जहाज होतं. पोरांच्या हातून मोडायला नको म्हणून मी स्वतःच ते कापसात गुंडाळायला बसलो, तर म्हातारा खुर्ची ओढून समोर येऊन बसला. मी मुद्दामच विचारलं की वाळवंटात जहाज रुतल्याचं ऐकलंय, खरं का? त्यानं चहा मागवला आणि पुढचा दीड तास माझ्या सगळ्या माणसांचा खोळंबा केला. म्हणे मोत्यांनी भरलेलं एक जहाज उत्तरेला सुबियाच्या वाळूत गाडलं गेलंय. वारा फिरला की डोलकाठीचं टोक उघडं पडतं. ज्याला दिसतं त्याला एकदाच दिसतं, दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन गेलं तर नुसती वाळू.

मग मला नादच लागला. आमच्या ऑफिसातल्या मिसरी कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला ते जहाज नूहच्या तुफानातलं. पेशावरचा ड्रायव्हर कसम खाऊन सांगतो की ते इंग्रजांचं आहे आणि आत सोनं आहे. केरळच्या नर्सबाईंनी ऐकलंय की त्यात मसाले होते आणि पावसाच्या दिवशी तिथे वेलचीचा वास येतो. ज्याला जे हवं ते त्यानं त्या जहाजात भरून ठेवलंय. आपण तरी वेगळं काय केलं?

सगळ्यांत नवल मला नचिकेतनं सांगितलं. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो, नाशिकचा इंजिनियर, तेलाच्या सर्व्हेच्या कामात आहे. मला वाटलं होतं हा शिकलेला माणूस हसेल. तो हसला नाही. म्हणाला, काका, सुबियाला समुद्र पूर्वी बराच आत होता, आणि तिथे उत्खननात खरोखरच बोटीचे तुकडे सापडलेत, सात हजार वर्षांपूर्वीचे. लाकूड नाही, बोरूची बोट होती. तिला वरून लावलेल्या डांबराचे तुकडे तेवढे उरलेत. एका अंगाला बोरूचे वळ उमटलेले आणि दुसऱ्या अंगाला समुद्रातले शंखशिंपले चिकटलेले. मी त्याला दोनदा विचारलं, सात हजार की सातशे? आपल्या खाडीवर गलबतं ओढून डांबर लावायचे तो वास माझ्या नाकात भरला. सात हजार वर्षांपूर्वी कुणीतरी असंच डांबर उकळत बसला असेल, त्याची बायको त्याला जेवायला हाका मारत असेल. मला खूप बरं वाटलं ते ऐकून, का ते सांगता येणार नाही.

गेल्या शुक्रवारी नचिकेतच्या गाडीतून आम्ही दोघं सुबियाला गेलो. समुद्रावरच्या त्या लांबच लांब पुलावरून पलीकडे उतरलं की काही नाही, सपाट जमीन. किनाऱ्याजवळ तर वाळूही नाही, चिखलावर मिठाची पापडी धरलेली, पाय ठेवला की कुरकुरते. इथे त्याला सबखा म्हणतात. ओहोटी होती. पाणी इतकं दूर गेलेलं की नुसती चकचकीत रेघ दिसत होती. आम्ही तीन तास फिरलो. जाळ्याचे फुटके तरंगे, उंटाचं हाड, एक चप्पल. नचिकेत प्रत्येक फळकुटापाशी वाकून बघायचा, आणि मी मात्र पाणी बघत होतो. भरती कुठवर येते, तिची खूण जमिनीवर कुठे आहे, एवढंच.

परत आल्यावर मी बू-फहदच्या नव्या घरी गेलो. जहाज नीट पोचलं का बघायला आलो, असं सांगितलं. त्याला मोत्यांचं जहाज नको, खरोखर पाहिलेलं काही असेल तर सांगा म्हटलं. तो म्हणाला की त्याचे मामा उंटवाले, हिवाळ्यात सुबियाकडे तळ टाकायचे. तो पंचविशी-तिशीत असताना दोन-तीन हिवाळे त्यांच्या तंबूत एका मोडक्या जहाजाची लाकडं जळत होती. खिळ्यांची भोकं असलेली जाड सागवानी लाकडं. मिठानं भरलेली, म्हणून आग हिरवट-निळी यायची. ती बघायला आजूबाजूची माणसं जमायची. आपा, आपलं गलबत तिथे नाही. ते कुणाच्या तरी चहाखाली जळून गेलं. आणि त्यानं आणखी एक सांगितलं. त्या जहाजापाशी मामांनी सात माणसं दफन केली होती. हिंदी खलाशी.

सात हा आकडा ऐकून मला धक्का बसला नाही, कारण तो मला एकतीस वर्षांपासून ठाऊक आहे.

गलबत रुतल्याचं तुला कुणी सांगितलं, असं तू मला कधी विचारलं नाहीस. ज्यानं ते रुतवलं त्यानंच सांगितलं. चौऱ्याण्णव साली मी इथे नवा होतो. शुवैख बंदरामागे लाकडी बोटींच्या एका मालकाच्या आवारात माल उचलायला गेलो होतो. तिथला राखणदार इब्राहिम नावाचा म्हातारा, दोरी गुंडाळत बसलेला. हिंदीत विचारलं, कुठला? मी गाव सांगितलं. कुणाचा? मी म्हटलं दाऊद तांडेलाचा. तो कितीतरी वेळ दोरीच गुंडाळत राहिला, आणि मग आपल्या बोलीत म्हणाला, “सुगराचा लगीन झाला काय?”

मी पाच वर्षांचा असताना गेलेला बाप. त्याचा चेहरा मला आठवतही नव्हता. त्या प्रश्नावर मी त्याला ओळखलं.

त्यानंतर नऊ वर्षं मी दर शुक्रवारी त्याच्याकडे जायचो, डब्यात मच्छीचं कालवण घेऊन. हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. शहात्तर सालचा हिवाळा, बसऱ्याला खजूर भरायला निघालेले आठ जण. दक्षिणेच्या वादळानं त्यांना इथल्या किनाऱ्यावर लोटलं, पुनवेच्या उधाणात गलबत पार आत येऊन चिखलात बसलं. माणसं धडधाकट होती. तिसऱ्या दिवशी रुकय्याचाचीचे यजमान म्हणाले, चालत निघू, कुठेतरी वस्ती लागेल. अब्बांनी अडवलं. खाडीत वाढलेल्या माणसाला जे कळतं तेच त्यांना कळलं: पुनवेला बसलेलं गलबत आवसेच्या उधाणाला उचललं जातं, आपले लोक पिढ्यान् पिढ्या तसंच करत आले. तांडेलानं सांगितलं थांबा, माणसं थांबली. पण इथे त्या दिवशीचं पाणी एकट्या चंद्राचं नव्हतं, निम्मं वाऱ्यानं ढकलून आणलेलं होतं, आणि वारा पडल्यावर ते पुन्हा तिथवर आलंच नाही. पिण्याचं पाणी संपलं. दहाव्या दिवशी अब्बा एकटे पाणी शोधायला निघाले, उंटवाल्यांना बेशुद्ध सापडले. शुद्धीवर आले तोवर चार दिवस गेले होते. त्या उंटवाल्यांनी जहाज शोधलं तेव्हा दफन करण्याखेरीज काही उरलं नव्हतं.

मी त्यांना म्हटलं घरी चला. पाया पडलो, भांडलो. ते एकच म्हणाले, “रुकय्यासमोर कसा उभा राहू?” मला कसम घातली की ते जिवंत असल्याचं गावात कळता कामा नये. मी पाळली. अम्मा चौतीस वर्षं हिरव्या बांगड्या भरत राहिली, त्यांतली सत्तावीस अब्बा खरंच जिवंत होते, आणि त्या सत्ताविसांतली शेवटची नऊ मला ते माहीत होतं. तिला मी एका शब्दानं सांगितलं नाही. ती गेली तेव्हा त्या बांगड्या तू उतरवल्यास, मी फोनवर होतो. हा माझा गुनाह आहे आणि त्याला मी कुठलंही कारण देत नाही. अब्बा दोन हजार तीनमध्ये झोपेतच गेले. सुलैबिखातच्या कबरस्तानात इब्राहिम या नावानं आहेत. दफन करून आल्यावर तुला सांगितल्याशिवाय राहवेना, आणि पूर्ण सांगायची छाती होईना. म्हणून अर्धंच सांगितलं, की गलबत वाळूत आहे. तू त्या अर्ध्यावर बावीस वर्षं काढलीस.

आता हे कागदावर का, तेही ऐक. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मग अब्बांची अब्रू म्हणून सगळं पोटात ठेवलं असतंस. मी ठेवलं तसंच. सात घरांतली सहा आता रिकामी झाली, वाट बघणारी एकटी रुकय्याचाची उरली आहे. तिच्या नवऱ्याला कुठे दफन केलं हे तिला माहीत नाही, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं हेही माहीत नाही. अब्बांची कसम मी मोडली आहे. तौफीककडे दोन पाकिटं दिली आहेत. तुझं हे बुधवारी मिळेल. दुसरं तो शुक्रवारी जुम्यानंतर रुकय्याचाचीच्या हातात देईल, त्यात हेच सगळं आहे, आणि त्या सातांसाठी, मय्यत समोर नसली तरी, मशिदीत गायबाना जनाज्याची नमाज व्हावी अशी विनंती आहे. चाचीला वाचता येत नाही. आलेला प्रत्येक कागद ती तुझ्याकडे घेऊन येते, हाही घेऊन येईल. तुला मध्ये दोन दिवस आहेत, त्यांत हवं तेवढं रडून घे, मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण ती ओटीवर येऊन बसली की मोठ्यानं वाच आपा, आणि त्यातली एक ओळही गाळू नकोस.

तुझाच,
सिराज