देवनागरीतलं प्रवचन

रविवार, १६ नोव्हेंबर

आजही प्रवचनाला बारा खुर्च्या मांडल्या आणि आल्या एकट्या शेजारच्या फ्राऊ केलर. नगरच्या आमच्या चर्चने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना मिशनसाठी जर्मनीत इंगोलश्टाटजवळच्या या खेड्यात पाठवलं, त्याला आठ महिने झाले. ह्यांना जर्मन येत नाही. मी थोडं शिकलेय. म्हणून दर शनिवारी जर्मन प्रवचन मी देवनागरीत लिहून देते आणि हे ते खड्या आवाजात वाचतात.

आज कॉफी घेताना फ्राऊ केलर मला म्हणाल्या, “तुमचे मिस्टर किती छान वाचतात! अर्थ कळत नाही, पण तुमची भारतातली भाषा ऐकायला फार गोड वाटते.”

आठ महिने! एक शब्दसुद्धा नाही?

“काय म्हणाल्या गं?” ह्यांनी लगेच विचारलं.

“प्रवचन आवडलं म्हणाल्या.”

देवाच्या कामाला आले आणि खोटं बोलले. दुसरं काय सांगणार होते? बाराच्या बारा खुर्च्या भरल्यासारखा ह्यांचा चेहरा झाला. आत्ताच पुढच्या रविवारसाठी कोरे कागद माझ्यापुढे ठेवून गेलेत.

“या वेळी जरा लांब लिही,” म्हणाले. “त्यांना आवडतंय तर.”