मोहाचा पान्हा

१८ फेब्रुवारी १९५७, पांढरवाही

नागपूरहून छोट्या रेल्वेगाडीनं ब्रह्मपुरी, तिथून बैलगाडीनं इथवर. कुंता म्हणते, माझी हाडं वाटेतल्या निरनिराळ्या गावांना उतरली. गोकुळा मात्र सगळी वाट झोपली आणि पोचल्यावर डोळे उघडून असं बघायला लागली, जणू बदली तिचीच झाली आहे. चार महिन्यांची आमची लेक. दात नाही, मान नुकती धरली आहे, पण मनगटांना वळ्या पडल्यात. आईच्या दुधाशिवाय तिनं अजून दुसरं काही चाखलेलं नाही.

जंगल खात्यानं राहायला कौलारू चौकी दिली आहे. नागपूरच्या सरकारी बागेत मी इतकी वर्षं झाडांची डागडुजी केली, पण असा रोगी पाहिला नव्हता. चौकीच्या अंगणातच उभा आहे. म्हातारा मोह, चौघांच्या कवेत न मावणारा, पोटात भली मोठी ढोली, आणि एक जाड फांदी थेट आमच्या कौलांवर ओणवलेली. पावसाळ्यात तो पडणार असा साहेबांचा अंदाज आहे. पाडायला मात्र गावातला एकही माणूस कुऱ्हाड धरीना, म्हणून झाड सावरायला मला बोलावलं. मला तर हेच काम आवडतं. पाडणारे गल्लोगल्ली मिळतात.

२१ फेब्रुवारी

आज कौलांवरची फांदी उतरवली. मनसाराम नावाचा ढीवर हाताखाली दिला आहे. तळ्यात जाळं टाकणारा माणूस, त्यामुळं दोराच्या गाठी त्याला शिकवाव्या लागत नाहीत. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वीतभर पुढं सरकून वरून. सरळ वरूनच करवत चालवली तर ती पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. मनसारामला मी सांगितलं की झाडाची जखम बरी होत नाही, फक्त झाकली जाते. कडेची साल वळ धरून हळूहळू पुढं सरकते, वर्षाला जेमतेम बोटभर. कुंता ओट्यावरून ऐकत होती. म्हणाली, माझ्याशी एवढं लाडानं कधी बोलला नाहीत. मी म्हटलं, तू आजारी पड, मग बघ.

दुपारी मनसारामनं मोहफुलं जोखायच्या तराजूत गोकुळाला निजवलं आणि दुसऱ्या पारड्यात दगड ठेवला. पारडी सारखी झाली तेव्हा पाण्याला निघालेल्या बायाही थांबून हसल्या. त्या दगडावर त्यानं कोळशानं खूण केली आहे.

२६ फेब्रुवारी

चार दिवस ढोली साफ करतोय. कुजका भुसा हातानं काढायचा, मग पटाशीनं कोरत जायचं, टणक लाकडाचा आवाज येईपर्यंत. तळाशी एक जागा आहे, तिथून पांढरा चीक पाझरतो. कितीही पुसा, पुन्हा येतो. वास आंबूस-गोड, दूध प्यालेल्या बाळाच्या तोंडाला येतो तसा. मुंग्या, माश्या यांची तिथं जत्रा भरलेली. कूज सगळी तिथूनच पसरली आहे.

संध्याकाळी गावची सुईण भागीरथाबाई आली. तिच्याकडून कळलं, दात यायच्या आधी जे मूल जातं त्याला इथं जाळत नाहीत, दूर पुरत नाहीत. या मोहाच्या मुळांशी ठेवतात, म्हणजे झाड त्याला पाजतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच. ती म्हणाली, "भाऊ, सारं बुजवू नका. थोडकं उघडं राहू द्या. आमची लेकरं पेऊन राह्यलीत तिथी."

मला गलबलून आलं. पण पाझर उघडा ठेवला तर दोन पावसाळ्यांत झाड आडवं होईल, आणि मग आमच्या घरावरच. हे मी तिला नीट समजावून सांगितलं. ती गोकुळाच्या पायाला हात लावून गेली.

२ मार्च

झालं! मोरचुदाच्या पाण्यानं ढोली धुतली, डांबराचे दोन हात दिले, मग विटांचे तुकडे आणि सिमेंट. वरून गुळगुळीत, सालीच्या जरा आत, म्हणजे सालीला वर सरकायला कड मिळते. पाझर पूर्ण थांबला. साहेब येऊन पाठ थोपटून गेले. उद्यापासून रस्त्याकडच्या चिंचा बघायच्या.

७ मार्च

मोहफुलं गळायला लागली. बाया टोपल्या घेऊन सगळ्या झाडांखाली बसतात, आमच्या अंगणातल्या झाडाखाली कुणी येत नाही.

गोकुळा फार रडते. कुंता म्हणते, मी तिला पाजायला उचलायच्या आधीच माझं अंग दूध ओसरून हलकं झालेलं असतं. मी तिला मेथीचे लाडू खा म्हटलं. ती हसली नाही.

११ मार्च

मनसारामनं सहज म्हणून पुन्हा जोखलं. खुणेचा दगड खाली गेला तो वर आलाच नाही. त्यानं तराजू उचलून आत नेला.

भर दुपारी घरी आलो. कुंता चटईवर झोपलेली, गोकुळा पलीकडे झोळीत. कुंताची चोळी सैल होती आणि स्तनाची कातडी आत ओढली जात होती. सुटत होती, पुन्हा ओढली जात होती. दूध येत होतं, पण खाली ओघळत नव्हतं. मी हात मध्ये घातला. हाताला काही लागलं नाही. फक्त गार, ओलं, आणि बिनदाताच्या हिरडीनं बोट चावल्यासारखं.

तिला उठवलं. ती म्हणाली, मला ठाऊक आहे. एक नाही हो, पुष्कळ आहेत.

१४ मार्च

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी तपासलं. दोघींना आजार काही नाही, म्हणाले. औषध लिहून दिलं. जाताना, येताना, गाडीतही तेच. कुंता पदर घट्ट लपेटून बसली होती आणि पदराखाली चुटचुट आवाज. गाडीवान बैलांशी मोठमोठ्यानं बोलत राहिला.

बोंडल्यानं गाईचं दूध पाजून बघितलं. गोकुळा तोंड मिटून घेते. जिभेनं बाहेर ढकलते. आईचंच हवं तिला, आणि आईकडे —

१७ मार्च

भागीरथाबाईवर मी ओरडलो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या लेकीचं कोणी वाईट नाई करत, भाऊ. भुकेजले आहेत ते. माझे दोन आहेत त्याच्यात." आणि रडायला लागली. मलाही रडू आवरलं नाही.

पटाशी आणि घण घेऊन झाडाकडे गेलो. सिमेंट दिसेना. पंधरा दिवसांत साल सगळीकडून येऊन मिटली आहे. शिवणही नाही. वर्षाला बोटभर, असं मीच —

१९ मार्च

मनसाराम आणि मी. जिवंत साल कापून काढली. सिमेंट दगडासारखं. माझंच काम, चांगलं केलेलं. आत पोचलो तर कोरडं. थेंब नाही. डांबर खरवडलं. मुळाशी उकरायला नको, नाहीतर त्यांना —

गोकुळा रडायची थांबली आहे. नुसती बघते.

२० मार्च

उजाडताना चीक आला. पांढरा, एक थेंब, मग दुसरा. मग धार. पळत घरी गेलो कुंताला सांगायला.

तिच्या मांडीवर गोकुळा होती. कुंता म्हणाली, आत्ताच. तुमची पावलं ऐकली तेव्हा होती.

२१ मार्च

कुठं ठेवायचं ते कुंतानंच सांगितलं. भागीरथाबाईनं नेलं. मला तोंड बघवलं नाही. वळ्या पडायच्या त्या मनगटावर काळा दोरा दोनदा गुंडाळूनही सैल होता.

२५ मार्च

कुंताकडे आता कुणी येत नाही. सगळे झाडाला लागलेत. ती भर उन्हात अंगणात बसते, चोळी उघडी, आणि हाका मारते. या ना, म्हणते. कुणीही या. अंग आटलं आहे तिचं. मी घरात चल म्हटलं तर माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्हाला काय कळणार.

२८ मार्च

साल मिटायला बघते. रोज सकाळी कापतो. जन्मभर जखमा झाकल्या, आता एक उघडी ठेवतो. धार बरी आहे. झाडापाशी बसलं की समाधानानं प्याल्याचे आवाज येतात. पण एक रडणं वेगळं आहे. बाजूला. एकटं. ते मला ओळखू —

२९ मार्च

तीच आहे. तिला झाडाचं नको. बोंडल्याचंही कधी घेतलं नाही तिनं, आईचंच हवं. आणि आई आटली. कुंताला कळू दिलेलं नाही. कळलं तर ती —

३० मार्च

दुपार. मोहाला टेकून बसलोय. मांडीवर वजन आलं. थोडंसंच. सदऱ्यावरून चाचपडते आहे. बापाला नसतं गं, म्हणून सांगितलं. दोनदा सांगितलं. ऐकत नाही. हिरड्या फार मऊ

सदरा काढला. सोडत नाही. काही येत नाही आणि सोडत नाही, आणि रडते, आमची गोकुळा, एवढी भूक

पटाशी धुऊन घेतली आहे. सालीपुरतंच. खोल नाही

घेतलं तिनं. हळू, बाळ. हळू. मी कुठं जात