अकरा अटींची मोटारसायकल

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५
सकाळी ६.४०. निर्णय झाला. मोटारसायकल घ्यायची. वय बावन्न, आयुष्यातली पहिलीच, पण उशीर वगैरे काही झालेला नाही. २१ डिसेंबरला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी करुणाला मागे बसवून अजिंठ्याला न्यायचं. तसं कबूल केलं होतं. कन्नडला तिला पाहायला गेलो, तेव्हा चहाची कपबशी घेता घेता म्हणालो होतो, लग्नानंतर आपल्या मोटारसायकलवर अजिंठा दाखवीन. जगभरातून माणसं लेणी बघायला येतात आणि आम्ही संभाजीनगरात, शंभर किलोमीटरवर राहून अजून गेलो नाही.

'आपल्या मोटारसायकलवर' याबद्दल थोडं. गाडी पिशोरच्या कचरूची, म्हणजे चुलतभावाची होती. चालवतही तोच आला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याने ती माझ्या हातात दिली. तिथून मी ढकलत आणली, दारात मेन स्टँडवर लावली आणि वर बसून जरा किल्ली फिरवली. बाकीचं लोकांनी आपापलं समजून घेतलं. गिअरची गाडी मला तेव्हा येत नव्हती. आताही येत नाही. करुणाला हे माहीत नाही आणि आता पंचविसाव्या वर्षी सांगून काय उपयोग. सात आठवडे आहेत. शिकून घेतलं की खोटं आपोआप खरं होतं.

संध्याकाळी. करुणाला सांगितलं. ती वह्या तपासत होती. म्हणाली, पाठीचं काय? मी म्हणालो, पाठ एकदम ओके. मी चप्पल घालायला वाकत होतो, ती तिनेच पायाने माझ्याकडे सरकवली. मग विचारलं, इतक्या वर्षांत चालवायची सवय राहिली का? म्हणालो, सवय कुठं जाते. कान गरम झाले. थंडी सुरू झाली बहुतेक.

रविवार, २ नोव्हेंबर
काम पद्धतशीर करायचं. तेवीस वर्षं भांडार शाखेत आहे. खुर्च्या, पंखे, कपाटं, एकदा तर जनरेटर. आधी तांत्रिक अटी, मग तीन कोटेशनं, मग तुलनात्मक तक्ता, मग मंजुरी. मंजुरी अधिकारी: करुणा.

कमरेतली चकती सरकलेली आहे (२०१९, कूलर उचलताना. म्हणजे कूलरखाली गेलेला रिमोट उचलताना). म्हणून अट क्र. १: पाठ ताठ राहावी, हँडलसाठी वाकावं लागू नये. अट क्र. २: सीट रुंद आणि मऊ. बस. दोन अटी पुष्कळ झाल्या, उगाच किरकिरं गिऱ्हाईक व्हायचं नाही.

घरात करुणाची स्कूटी आहे. पाठ गेल्यापासून ती चालवते, मी मागे बसून मार्गदर्शन करतो. पण स्कूटीला मी गाडीत धरत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
हेल्मेट घेतलं. काळं, पूर्ण तोंड झाकणारं. पाठीला पॅड असलेलं जॅकेटही घेतलं. गाडी नंतर येईल, डोकं तर आधीपासून आहे. करुणा म्हणाली, माझ्या मागे बसताना घाला तरी. नाही म्हणालो. ते योग्य वाहनासाठी राखून ठेवलं आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर
जालना रोडवरचं शोरूम. सेल्समन अभय, पंचविशीच्या आतला. तीन गाड्या मेन स्टँडवर लावायला सांगितल्या. चढायला स्टूल मागवलं. प्रत्येकीवर पंधरा मिनिटं बसलो. ऑफिसच्या खुर्च्या आम्ही अशाच तपासतो. बसायचं, डोळे मिटायचे, कंबर काय म्हणते ते ऐकायचं. अभय म्हणाला, अंकल, एक राउंड मारके तो देखो. मी म्हणालो, आमच्यात आधी छाननी, प्रात्यक्षिक नंतर. प्रभावित झाला. निदान गप्प तरी झाला.

मग त्याने मला न विचारता माझ्यासकट गाडी स्टँडवरून खाली घेतली. पाय जमिनीला लागले, पण फक्त अंगठे. एका बाजूने अभयने आणि दुसऱ्या बाजूने वॉचमनने धरून ठेवलं. अट क्र. ३: दोन्ही पावलं पूर्ण टेकावीत. माझी उंची सर्वसाधारण आहे. चूक गाडीची.

रविवार, ९ नोव्हेंबर
पुन्हा तेच शोरूम. आज मुद्दाम बुटकी गाडी काढायला लावली, त्यामुळे स्टूल नाकारलं. उजवा पाय पलीकडे टाकताना सीटवर मधेच अडकला. पुढे जाईना, मागे येईना. एका पायावर उभा राहून अभयला मायलेज विचारत राहिलो, म्हणजे कोणाच्या लक्षात येऊ नये. त्याने मायलेज सांगितलं आणि माझा पाय उचलून खाली ठेवला. चांगला मुलगा आहे.

अट क्र. ४: पाय पलीकडे टाकावा लागू नये. यात कमीपणा काही नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
फिजिओथेरपीवाल्या सरिता मॅडमकडे. त्या म्हणाल्या, वीस मिनिटांच्या वर सलग बसायचं नाही, मधे उतरून पाच मिनिटं चालायचं. पाय मागे दुमडायचे नाहीत. जड गाडी ढकलायची नाही. ताबडतोब नोंद केली. अट क्र. ५: पावलं समोर सपाट ठेवायला जागा. अट क्र. ६: वजनाला हलकी. अट क्र. ७ माझी स्वतःची: मागची सीट करुणाला आरामाची.

मॅडमनी विचारलं, किती वर्षांपासून चालवता? पंचवीस म्हणालो. कान तापले. त्यांचं ते शेकायचं मशीन जवळच होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर
सकाळी कचरूचा पिशोरहून फोन. करुणा पोळ्या करत होती, पिठाचे हात म्हणून तिने स्पीकरवर टाकला. कचरू ओरडतच बोलतो. म्हणाला, आरं राजा, गाडी घ्यायलास म्हणं! तुला कवापासून येती व्हय? मला इतका मोठा ठसका लागला की फोन कट करावा लागला. करुणाने विचारलं, काय म्हणत होते भाऊजी? म्हणालो, मक्याचं काहीतरी. ती म्हणाली, अस्सं. पुढची पोळी लाटायला घेतली.

थोडक्यात निभावलं. आता शिकणं लांबवून चालणार नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर
ऑफिसातल्या संघपालला विश्वासात घेतलं. त्याच्याकडे मोठी साडेतीनशे सीसीची आहे. तीच योग्य. लहान गाडीवर शिकलं की हात लहान होतो.

सकाळी ७. गारखेड्यात क्रीडा संकुलामागचं मोकळं मैदान. जॅकेट, हेल्मेट, कंबरपट्टा. संघपाल म्हणाला, सर, तुम्ही फाइल जशी सोडता ना, तसा क्लच सोडा. लई हळू. कौतुक ऐकून बरं वाटलं. गाडी अकरा वेळा बंद पडली. बाराव्यांदा चालली. साधारण बैलगाडीच्या लांबीएवढं अंतर गेली आणि मग पडली. वेग शून्य होता. मी पडलो नाही, मी फक्त तिच्यासोबत खाली गेलो. फिरायला आलेल्या दोन बाया मदतीला धावल्या. एक म्हणाली, उठा भाऊ, लागलं तं नाय ना? हेल्मेटमुळे तोंड दिसलं नाही. खरेदी किती योग्य होती!

मंगळवार, २५ नोव्हेंबर
पाठ. आडवा पडून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं.

करुणाला सांगितलं, ऑफिसात पंख्याचं खोकं उचललं. रविवारी ऑफिस होतं का, म्हणाली. म्हणालो, अर्जंट होतं. तिने गरम पाण्याची पिशवी दिली, बाम चोळला, मग खिडकीशी बसून जॅकेटला लागलेली कुसळं एकेक काढली. पंख्याच्या खोक्याला कुसळं कुठून, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. शिक्षकांचं निरीक्षण तसं बेताचंच.

पडल्या पडल्या अटी पूर्ण केल्या. ८: बटण स्टार्ट. ९: दोन्ही ब्रेक हाताला, कारण पाय दाबला की कमरेत कळ येते. १०: गरम पाण्याची पिशवी आणि उशी ठेवायला सीटखाली डिकी. ११: गिअर नकोत. डावा पाय वरखाली करणं मणक्याला घातक आहे. हा निव्वळ वैद्यकीय निर्णय. अशी मोटारसायकल असणारच. इतक्या कंपन्या आहेत, कोणीतरी विचार केलाच असेल.

शनिवार, ६ डिसेंबर
महापरिनिर्वाण दिन. सकाळी विहारात गेलो, उभा राहू शकलो. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज दर वर्षीप्रमाणे थोडा खाली गेला. करुणा पुढच्या रांगेत होती. तिचा आवाज नेमका तिथंच जरा चढल्यासारखा वाटला. भास असावा.

संकल्प: करुणाला सगळं सांगून टाकायचं. गाडी आल्यावर. किंवा अजिंठ्याहून आल्यावर. एकदा चालवून दाखवली की सांगणं सोपं जाईल.

रविवार, १४ डिसेंबर
तिन्ही कोटेशनं आली. तुलनात्मक तक्ता दुपारभर आखला. उभे रकाने तीन गाड्यांचे, आडव्या ओळी अकरा. पहिली गाडी तीन अटींत बसते, दुसरी चार, तिसरी दोन. शेरा: एकही पुरवठादार पात्र नाही.

अभयला फोन केला. तो म्हणाला, अंकल, आपको जो होना वैसी गाडी है, लेकिन बोलूं तो आप नाराज होते. मी म्हणालो, बेधडक कोटेशन पाठव. तो म्हणाला, कोटेशन की जरूरत नई, वो सबके घर में रहती. काय बोलला कळलं नाही. आजकालच्या मुलांना धंदाच करायचा नसतो.

सात दिवस राहिले.

शनिवार, २० डिसेंबर
संध्याकाळी ५. तक्ता मंजुरी अधिकाऱ्यापुढे ठेवला. टिपणी अशी: अटी रास्त असून बाजारात पात्र वाहन उपलब्ध नाही, सबब अजिंठा दौऱ्यास मुदतवाढ मिळावी. लिहिताना वाईट वाटलं. पंचवीस वर्षं थांबलेल्या बाईकडे मी अजून मुदत मागत होतो.

करुणाने चष्मा लावला. एक एक ओळ वाचली. मग वह्या तपासायचं लाल पेन घेतलं आणि तक्त्याला चौथा रकाना आखला. त्यावर काही नाव लिहिलं नाही. पाठ ताठ, बरोबरची खूण. सीट रुंद, खूण. पावलं टेकतात, खूण. पाय पलीकडे टाकावा लागत नाही, खूण. सातव्या अटीपाशी जरा थांबली, मागची सीट आरामाची आहे का, मला विचारलं. मी म्हणालो, हो, छान आहे. खूण. अशा अकरा खुणा झाल्या. खाली लिहिलं अकरापैकी अकरा, आणि गोल केला. मग खिडकीतून खाली बोट दाखवलं. पार्किंगमध्ये तिची स्कूटी उभी होती.

मी म्हणालो, पण तुला मोटारसायकलवर नेईन म्हणालो होतो. ती म्हणाली, कोणाच्या? मग तीच सांगू लागली. कन्नडला त्या दिवशी मी शेजारच्या साळूबाईंच्या गच्चीवर होते. भाऊजी उतरले, तुम्ही गाडी ढकलत आणली, दोनदा थांबलात, रुमालाने घाम पुसला, आणि मग वर बसून किल्ली फिरवली. चहाच्या वेळी आपली मोटारसायकल म्हणालात तेव्हा तुमचे दोन्ही कान लालबुंद झाले. आत जाऊन मी आमच्या दादांना म्हटलं, मुलगा खोटं बोलतो, पण लगेच दिसतं. मला चालेल.

विचारलं, मग पंचवीस वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही कधी सांगता ते बघत होते. आणि पंख्याच्या खोक्याची कुसळं मी जपून ठेवली आहेत.

लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं, इतकं की पाठसुद्धा थोडी सुटली. करुणाने टिपणीवर शेरा मारला: मुदतवाढ नामंजूर. उद्या सकाळी साडेसहाला निघणे. चालक मी.

आता यापुढे खोटं नाही. लहानसंसुद्धा नाही. आज चौथं शील मोठ्याने म्हटलं, एकट्याने.

रविवार, २१ डिसेंबर. फर्दापूर
दुपारी १२. चहाच्या टपरीवर बसून लिहितो आहे. करुणाने चालवली, मी मागे. डिकीत उशी. सरिता मॅडमच्या हिशेबाने दर वीस मिनिटांनी थांबलो. चौका, फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा गाव. सहा ठिकाणी उतरून पाच पाच मिनिटं जोडीने चाललो. सिल्लोडला तिने भजी घेतली. इतकं बोलत आम्ही कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. घाटात ती गाणं गुणगुणत होती. हेल्मेट शेवटी वापरलं. मागच्या सीटवर.

लेण्यांकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याजवळ स्कूटी लावली. करुणा पाण्याची बाटली आणायला गेली होती. पावती फाडणारा माणूस नंबर प्लेट बघून म्हणाला, काका, संभाजीनगरहून या बारक्या गाडीवर? कमरेचा लई बाजार उठला असंल. तुम्हीच चालवत आणली व्हय?

म्हणालो, व्हय.

मागे वळलो तर करुणा बाटली घेऊन उभी होती आणि माझ्या कानांकडे बघत होती. नशीब हेल्मेट अजून डोक्यावरच होतं, तिला काही दिसलं नाही.