ग्लायसिनच्या दोन बाटल्या

तीर्थरूप काकांना,

साष्टांग नमस्कार (मान अवघडलीय, म्हणून बसल्या बसल्याच). तुमच्या गुडघ्याची सूज आणि काकूंचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील. मी इथे मजेत आहे. म्हणजे सोमवारपर्यंत होते.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे: जंतू वाढवायचे आणि मग त्यांच्या वाढीत खोडा घालायचा. खोडा म्हणजे ग्लायसिन, एक अमिनो आम्ल. दिसायला पांढरं, चवीला गोडसर (चाखायचं नसतं, पण सगळ्यांनी चाखलेलं असतं). चिमूटभर दिलं तर जंतूंना ढिम्म फरक पडत नाही, जास्त झालं की त्यांच्या पेशींची भिंत कच्ची राहते आणि ते फुगून फुटतात. निदान पुस्तकात तरी. माझे जंतू मात्र तीन महिने, जितकं घालीन तितके माजत होते. फ्लास्क कपडे धुतलेल्या पाण्यासारखा गढूळ! सर (माझे मार्गदर्शक, स्वतःवर बेहद्द खूश) हवेतच गेले. "पुस्तकं बदलावी लागणार!" म्हणाले आणि परिषदेत भाषणही ठरवून बसले.

सोमवारी पाहते तर माझ्या बाटलीवर मुंग्यांची रांग. शेजारी तशीच दुसरी बाटली, तेच लेबल, पण तिच्याकडे एक मुंगी ढुंकून बघेना. ग्लायसिनच्या बाटल्या दोन कशाला, असं मी सरांना विचारलं. सर आधी खोकले, मग त्यांनी दार लावून घेतलं. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून त्यांनी पिठीसाखर ग्लायसिनचं लेबल लावून कपाटात दडवली होती (त्यांच्या बाईसाहेब वरच्याच मजल्यावर शिकवतात, घरी-दारी पाळत). उजवी त्यांची, डावी माझी. सफाईवाल्या मावशींनी कपाट पुसताना त्यांची अदलाबदल केली. थोडक्यात, तीन महिने जंतूंनी सरांची साखर खाल्ली आणि सरांनी चहातून माझं ग्लायसिन.

"तरीच! रक्तातली साखर उतरली म्हणून डॉक्टर माझी पाठ थोपटत होते," सर म्हणाले. आणि लगेच, "पण चूक तुझीच. बाटली तपासायला नको?" मी रडले नाही (बाथरूममध्ये रडले, ते धरत नाही). खरं ग्लायसिन घालून तोच प्रयोग पुन्हा केला. दुसऱ्या दिवशी फ्लास्क लख्ख, सूक्ष्मदर्शकाखाली चारदोन जंतू टम्म फुगलेले. सगळं पुस्तकाप्रमाणे. इतकं पुस्तकाप्रमाणे, की त्यात माझं म्हणून काही उरलंच नाही.

तुमची (आजवर तरी) लाडकी पुतणी

ता. क. प्रबंध वर्षभर लांबला. बाबा मात्र पदवीचं गावभर सांगून बसलेत. त्यांना हे तुम्हीच सांगा. तुम्ही धाकटे, तुमच्यावर ओरडायची त्यांना सवय आहे.

आणखी एक ता. क. बाबा, घरात आलेलं प्रत्येक पत्र आधी तुम्हीच फोडता, म्हणून सांगते: वरचं सगळं शेजारच्या टेबलावरच्या मुलीबद्दल आहे. माझे जंतू उत्तम आहेत.